अकराशे चाळीस ताव

दोन वर्षं घरात नुसता कागद आणि खळ, आणि त्यातून निघणार काय, तर दीड मिनिटाचा सिनेमा. मी लेकीला म्हटलं, "एवढ्यात चहाला उकळीसुद्धा येत नाही गं."

"मग चहा आधी ठेवून ये," ती म्हणाली. तोंडाने ती माझ्यावर गेलीय. बाकी सगळी बापावर.

बाप म्हणजे आमचे हे. छापखान्यात मशिनमन होते. मी त्याच छापखान्यात, बांधणी खात्यात, एकतीस वर्षं. ते छापायचे, मी घड्या घालायची, शिवायची, कापायला द्यायची. माझी शाळा चौथीत सुटली, पण म्हणून मला कुणी अडाणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, फक्त माझ्या पद्धतीने. सोळा पानांचा एक फर्मा असतो. घडी घातली की पहिलं पान वर येतं आणि बाकीची आत जातात. मुकादमाची पाठ वळली की जेवढं वाचून होईल तेवढं आपलं. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं मला पहिलं पान माहीत, मग सतरावं, मग तेहेतिसावं, मग एकोणपन्नासावं. शेवट सहसा नाही. शेवटचा फर्मा अर्धाच असायचा आणि तो दुसऱ्या टेबलावर जायचा. कितीतरी खून कुणी केले ते मला अजून माहीत नाही. त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

हे फार बोलायचे नाहीत. त्यांना खोड एकच. मशीन लावताना रंग जागेवर बसेपर्यंत काही ताव वाया जातातच. ते टाकून देत नाहीत. पुढच्या कामाला मशीन लावताना तेच पुन्हा घालतात. म्हणजे एकाच तावावर औषधाचं लेबल, त्याच्यावर भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा, त्याच्यावर बिस्किटाचा पुडा, आणि सगळ्यांच्या वर कुठल्या तरी साबणाची हसणारी बाई. पाच-सहा वेळा मशीनमधून गेलेल्या तावाकडे बघून रद्दीवालासुद्धा नाक मुरडतो. हे त्यातले निवडून घरी आणायचे आणि पलंगाखाली सारायचे. काय करायचं याचं, असं विचारलं की म्हणायचे, "असू दे. छान झालंय." मी ते कपाटाच्या फळ्यांवर अंथरायची. मी जेवढे अंथरायची त्याच्या दुप्पट ते आणायचे.

ते गेल्यावर पलंग हलवला तेव्हा खाली सहा गठ्ठे निघाले. मी रद्दीवाल्याला हाक मारायला खिडकीत गेले आणि लेक गठ्ठ्यासमोर फतकल मारून बसली, ती दोन वर्षं उठलीच नाही म्हणायला हरकत नाही.

लेक शाळेत चित्रकला शिकवते. चव्वेचाळीस वर्षांची आहे. ती माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे, यावर आमचं एकमत नाही. लहानपणापासून तिच्या बोटांना काही ना काही चिकटलेलं असायचं, म्हणून हे तिला डिंकी म्हणायचे. आता डिंकीच्या डोक्यात आलं की बापाच्या तावांमधून एक माणूस चालवायचा.

माणूसही पलंगाखालचाच. कापडाच्या दुकानाची जाहिरात छापताना एकदा लाल रंग जागेवरून सरकला होता आणि सगळा गठ्ठा नापास झाला होता. कोट घातलेला वीतभर माणूस, त्याच्या उजव्या अंगाला लाल सावली, आणि अशा पंधराशे प्रती. हा माणूस मी कापला. पंधराशे वेळा. धड वेगळं, हात वेगळे, पाय गुडघ्यात वेगळे. डिंकी कापायला बसली होती, पण तिने पहिल्या चार माणसांची बोटं उडवली तेव्हा मी कात्री काढून घेतली. तिने मग चिकटवायचं काम घेतलं. एका तावावर माणसाचा पाय इथे, पुढच्या तावावर थोडा पुढे, त्याच्या पुढच्यावर आणखी थोडा. असे बारा ताव कॅमेऱ्यापुढे धरले की सिनेमातला एक सेकंद होतो. अकराशे चाळीस ताव झाले. माणूस एका खुर्चीतून उठतो, औषधाच्या लेबलातून, साबणाच्या बाईच्या गालावरून, नकाशातून चालत जातो, आणि एका हिरव्या दारातून बाहेर पडतो. दार रंगाच्या डब्यांच्या जाहिरातीतलं होतं. गोष्ट एवढीच.

"तो जातो कुठे?" मी विचारलं.

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"आई, बोट काप. म्हणजे बोट कापू नको, हात काप. कोटाचा."

अशी आमची दोन वर्षं.

कॅमेरा आमच्याकडे नव्हता. तो होता एका कॉलेजात, एका जुन्या लोखंडी टेबलावर वरून खाली तोंड करून बसवलेला. तिथले सर भले माणूस होते. टेबल मोडीत काढायचा हुकूम आला आहे, असं त्यांनी डिंकीला सांगितलं. मोडीत जाण्याआधीचे आठ दिवस तुमचे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आठ दिवसांत जे होईल ते होईल, नंतर तसलं टेबल कुठे शोधणार. डिंकीने शाळेतून रजा काढली. ताव चार खोक्यांत भरून, पाठीमागे पेन्सिलीने आकडे घालून तयार होते. आदल्या दिवशी दुपारी ती सरांना भेटायला आणि टेबल पुसून ठेवायला गेली.

आणि मी घरात एकटी त्या चार खोक्यांजवळ.

बांधणीतल्या बाईच्या हाताला एक सवय असते. काम बाहेर जाण्याआधी गठ्ठा एका कडेला धरायचा, वाकवायचा आणि अंगठ्याखालून फर्रकन सोडायचा. पानं मागेपुढे झाली असली, एखादं उलटं लागलं असलं, तर अंगठ्याला कळतं, डोळ्यांना नंतर कळतं. मी शेवटच्या खोक्यातला गठ्ठा उचलला आणि तसाच सोडला.

आणि माणूस चालला.

दोन वर्षं मी त्याला कापत होते, पण तो चालताना मी पाहिला नव्हता. हात, पाय, धड, एवढंच पाहिलं होतं. तो उजवा खांदा खाली टाकून चालत होता. कोटाच्या जाहिरातीतला माणूस ताठ असतो. ह्याला तिने प्रत्येक पावलाला जरासा कलता चिकटवला होता. तीस वर्षं उजव्या खांद्यावरून कागदाची रिमं वाहिलेला माणूस कसा चालतो, ते मला कुणी शिकवायला नको. मी खाली बसले. पुन्हा गठ्ठा सोडला. पुन्हा हे चालले. डिंकीने मला हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नसतं.

पण ते अडखळत होते. ताव वेगवेगळ्या मापांचे. कुठला दोन सूत मोठा, कुठला लहान, कुठे कोपरा फाटलेला. अंगठा अडकायचा आणि माणसाला ठेच लागायची. दहा पावलं धड चालला की ठेच. माझ्या हातून गेलेल्या कामाची कड कधी वाकडी नव्हती. आणि हा माणूस चारचौघांत असं ठेचकाळत जाणार? मी खोकी उचलली, गाडी केली आणि छापखान्यात गेले.

आमचा छापखाना आता निम्मा झाला आहे, पण कटिंग मशीन आहे आणि त्यावर साडेनऊ आहे. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही कुणास ठाऊक. उमेदीत मशीनच्या पात्याखाली अर्धं बोट गेलं, तेव्हापासून तो साडेनऊ.

"वहिनी, अजून आहात का?"

"तुझं दुसरं बोट जायची वाट बघतेय. हे चारी बाजूंनी कापून दे. बोटभर."

"कडेला खुणा आहेत हो. हाताने काढलेल्या दिसतात."

"कापायला नसतील तर कशाला असतील?" मी म्हटलं.

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. एकतीस वर्षं मी तावाच्या कडेच्या फुल्या पाहिल्या. छापणारे त्या रंग जुळवायला काढतात, आणि एकदा छापून झालं की त्या कापून टाकण्यासाठीच असतात. फुली राहिलेलं पुस्तक मुकादम तोंडावर फेकायचा. त्यामुळे डिंकीने प्रत्येक तावाच्या खालच्या कडेला काळ्या शाईने ज्या दोन बारीक फुल्या काढल्या होत्या, त्या मी पाहिल्या, आणि तरी पाहिल्या नाहीत.

साडेनऊने गठ्ठे ठोकून एका कोपऱ्यात बसवले आणि दोन-दोनशेचा एकेक घास पात्याखाली दिला. कड आरशासारखी निघाली. मी तिथेच अंगठ्याखालून सोडून पाहिलं. माणूस लोण्यावरून चालावा तसा चालला, खांदा टाकून, दारापर्यंत. घरी येऊन मी खोकी होती तिथे ठेवली. डिंकीला काही बोलले नाही. तिने आपण होऊन ओळखावं आणि मग मी म्हणावं, त्यात काय एवढं. असा माझा बेत.

ती सकाळी खोकी घेऊन गेली आणि बारा वाजता खोकी घेऊनच परत आली. चपला न काढता आत आली.

"आई, तावांना हात लावला होतास?"

"हात कसला, सरळ करून दिले. आता बघ एकसुद्धा—"

"फुल्या कुठे आहेत?"

"कुठल्या फुल्या?"

"खालच्या कडेला. प्रत्येकावर दोन."

"त्या कापल्या. कापायच्याच असतात त्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मला असं समजावून सांगायला लागली, जसं शाळेत एखाद्या ढ मुलाला तिसऱ्यांदा सांगत असेल. टेबलाच्या काचेवर दोन फुल्या आहेत. तावावरच्या दोन फुल्या त्यांच्यावर बरोबर ठेवायच्या, मग फोटो. मग पुढचा ताव, फुल्या फुल्यांवर, फोटो. ताव केवढा का असेना, कड कशी का असेना. तिने माणूस चिकटवताना फुल्यांपासून मापून चिकटवला होता, कडेपासून नाही. आता फुल्या नाहीत. कड धरून ठेवलं तर एका तावात माणूस थोडा डावीकडे, पुढच्यात थोडा वर. तिने सकाळी वीस ताव घेऊन पाहिले होते.

"कसं दिसतं?" मी विचारलं.

"थरथरतो. थंडी वाजल्यासारखा."

"माझ्या अंगठ्याखाली तर नीट चालतो."

"अंगठा डोळ्यांपेक्षा दयाळू असतो, आई." मग ती म्हणाली, "मी दमले." आणि तिथेच, चपलांसकट, आडवी झाली.

तिथे मी म्हणायला हवं होतं. दोन शब्द. पण मी ते शब्द आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते. मुकादमाला नाही, सासूला नाही, ह्यांना तर नाहीच. तोंडाला त्यांची सवयच नव्हती. मी म्हणाले, "जेवून घे," आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

साडेनऊ मशीन पुसत होता.

"कालची कातरण कुठे आहे?"

"पोत्यात. चार पोती आहेत. रद्दीवाला परवा येतो."

"आज आला असं समज."

पोती ओतली तेव्हा गुडघाभर ढीग झाला. त्यात सगळ्या आठवड्याची कातरण होती, वह्यांची, पत्रकांची, कुणाच्या तरी औषधाच्या खोक्यांची. पण ह्यांचे ताव त्यात लपत नाहीत. सहा वेळा रंगलेली पट्टी दुरून कळते. साडेनऊ माझ्यासोबत खाली बसला. गुडघे दोघांचेही कुरकुरत होते.

"मी म्हटलं होतं, वहिनी. खुणा आहेत म्हणून."

"म्हटलं होतंस. आता गप्प बस आणि निवड."

पात्याखालून निघालेल्या पट्ट्या काही ठिकाणी वीस-वीस, तीस-तीस एकमेकींना धरून राहिल्या होत्या, बाकी सुट्या झालेल्या. खालच्या कडेच्या तेवढ्या निवडल्या, ज्यांवर फुल्या होत्या त्या. एक पिशवी भरली. संध्याकाळपर्यंत मी घरी येऊन पहिली पट्टी जुळवलीसुद्धा. जुळवायची कशी, तर तावाचा रंग पट्टीवर पुढे चालू होतो. नदीची निळी रेघ तावावर तुटते ती पट्टीवर लागते. बाईचा ओठ इथे अर्धा, तिथे अर्धा. जुळलं की पाठीमागून पातळ कागदाची चिकटपट्टी लावायची, केसाइतकीही फट न ठेवता. ते मला येतं. फाटलेल्या पुस्तकांचं तेच काम असतं.

डिंकी उठून बसली होती. तिने ताव हातात घेतला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

ती हिशोब करत होती. चेहऱ्यावरून कळत होतं. "सगळे होणार नाहीत. रोज सकाळी मला आदल्या दिवशीचे न्यावे लागतील. सातशे झाले तर डोक्यावरून पाणी."

"मग पहिले सातशे करू. माणूस उठतो तिथून."

"नाही. शेवटून कर."

"शेवटून? अगं, लोक पहिलं बघतात. पुस्तकाचं वेष्टन वाकडं असलं तर आत काय आहे ते कोण बघतो?"

"शेवटून कर, आई."

"फोटो उलटे निघतील ना मग."

"ते कॉम्प्युटरवर सरळ करता येतात." ती माझ्याकडे न बघता खळीचा डबा घट्ट लावत होती. झाकण बसलं तरी फिरवत होती. "बाबांना खाली कसं नेलं, आठवतं ना?"

आठवत होतं. शेवटी त्यांना हात धरूनही उभं राहता येत नव्हतं. दोन माणसांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने छातीशी बांधून, जिन्यावरून खाली नेलं. वळणावर खुर्ची कठड्याला आपटली. ते म्हणाले, "सावकाश. भिंतीचा रंग जाईल." परत आले नाहीत. त्या दाराकडे मी बघत नाही असं नाही, पण जाता-येता बघते, थांबून नाही.

मी पिशवी ओढली आणि अकराशे चाळिसावा ताव मागितला.

शेवटचे वीस ताव नुसतं दार होतं. हिरवं, बंद. वीस तावांवर तेच दार, मागचा रंग तेवढा बदलतो. वीस पट्ट्या मी काहीच न बघता लावल्या. मग एकविसाव्यात दाराच्या फटीत बुटाची टाच दिसली. पुढच्यात, म्हणजे आधीच्यात, आख्खा बूट. मग पाय. मग पाठ, आणि पडलेला खांदा. मी शेवटून करत होते, त्यामुळे माझ्यासाठी तो बाहेर जात नव्हता. पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत, तो दारातून आत येत होता.

हे मी डिंकीला सांगितलं नाही. तिला तिचं काम होतं.

पुढचे सात दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी ती खोकं घेऊन निघायची, मी खिडकीखाली उजेडात बसायची. दुपारी उजेड भिंतीवर सरकला की मी जागा बदलायची. डोळ्यांतून पाणी यायचं. ते रडणं नव्हतं, डोळे जुने झालेत. उजवा अंगठा सुजला. मानेत एक गोळा बसला तो बसलाच. संध्याकाळी ती यायची, खांदे पडलेले, आणि माझ्यासमोर बसून पट्ट्या रंगाप्रमाणे लावून द्यायची. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कुणी कुणाला वाढलं नाही. एकदा तिने माझ्या हातातून ताव घेतला आणि मी घास तिच्या पट्ट्यांच्या ढिगात ठेवला, तेव्हा दोघींनाही हसू आलं, पण हसायलाही जीव लागतो.

तिसऱ्या दिवशी साडेनऊ आला. कोपऱ्यात सापडल्या म्हणून आणखी सत्तर पट्ट्या घेऊन.

"बसतोस का तासभर?"

"मी साडेनऊ बोटांचा. चिकटपट्टी मला चिकटते, कागदाला नाही."

पण बसला. तास म्हणून बसला आणि उजेड जाईपर्यंत उठला नाही. जाताना एक ताव उजेडाकडे धरून म्हणाला, "हा तर आमचा मशिनमनच चालतोय." डिंकी तोंड फिरवून खोकं बांधायला लागली.

पाचव्या दिवशी तो नकाशाच्या वरपर्यंत मागे आला. सहाव्या दिवशी साबणाच्या बाईच्या गालावर. रंगांच्या गर्दीत पट्ट्या सापडेनाशा झाल्या, पाचाची दहा मिनिटं व्हायला लागली. शेवटच्या दुपारी डिंकी दोन वाजता धावत आली, झालेले तेवढे ताव उचलले आणि गेली. चारशे बारावा माझ्या हातात होता. चिकटपट्टी दाबायच्या आत तिने तो ओढून घेतला.

सातशे एकोणतीस झाले. चारशे अकरा उरले. ते तिने कड धरून घेतले, थरथरतात तसे. पाच वाजता सरांनीच पाना आणला आणि टेबलाचे पाय सोडवले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ती म्हणाली. त्यांनी काच कागदात गुंडाळून तिला दिली.

महिन्याभराने कॉलेजातच तो सिनेमा दाखवला. खुर्च्या साठ, माणसं वीस-बावीस. साडेनऊ धुतलेला शर्ट घालून मागे बसला होता. असे तुकडे-तुकड्यांचे आणखीही सिनेमे होते. एकात कुणीतरी नुसती तिकिटं नाचवली होती, ती मला आवडली. मग आमचा आला. तो खुर्चीतून उठला आणि थरथरत निघाला. औषधाच्या लेबलातून थरथरत, पुड्यावरून थरथरत. अर्धं मिनिट म्हणजे किती लांब असतं ते मला त्या दिवशी कळलं. चहाला उकळी येऊन तो उतू गेला असता. आणि मग एकाएकी, बाईच्या गालावर, पाय स्थिर पडला. खांदा खाली, चाल सावकाश. कुणी धरलेलं नाही. नकाशा ओलांडला, दार उघडलं, गेला. वीस ताव नुसतं दार.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी डिंकीला पुढे बोलावलं. तेव्हा एक चष्मेवाला गृहस्थ उठला आणि बराच वेळ बोलला. सुरुवातीचा तो कंप फार विलक्षण आहे म्हणाला. आठवण आधी थरथरते आणि मग स्थिरावते, असं काहीतरी. हे तुम्हाला कसं सुचलं?

डिंकी बोटांवरची वाळलेली खळ सोलत होती. मी तिला ओळखते. ती माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे माझाच विचार करत होती. तिने जे झालं ते सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं. चष्मेवाल्याला हो म्हटलं असतं तर तिचं नाव झालं असतं. ती दोन्ही करेना.

"त्याला सुचलं वगैरे काही नाही," मी बसूनच म्हटलं. मग उभी राहिले, कारण मागच्यांना ऐकू जात नव्हतं. "फुल्या होत्या, त्या मी कापल्या. तिला न विचारता. नीट दिसावं म्हणून. माझं चुकलं. शेवटचं जे स्थिर आहे ते तिचं आहे, तेवढं बघा."

काहीजण हसले. म्हातारी गमतीदार आहे असं वाटलं असेल. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चष्मेवाला म्हणाला, "पण आजी, चुकीतूनच कधी कधी—"

"चुकीतून चूक निघते," मी म्हटलं आणि बसले.

घरी येताना आम्ही चालतच आलो. डिंकीने टेबलाची काच पोटाशी धरली होती; सिनेमा बघायलाही ती घेऊनच आली होती. मग म्हणाली, "चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

"मग काय ते त्या चष्म्याच्या नावावर जाऊ देऊ?"

"मला सांगायचंस."

"तुला माहीत होतंच."

"तरी."

वळणावर तिने माझा दंड धरला. मी म्हटलं, मला धरायला काय झालंय. तिने सोडला नाही.

पिशवीत चारशे अकरा पट्ट्या होत्या. त्या मी टाकल्या नाहीत. दुपारी घरचं आटपलं की खिडकीखाली बसते आणि दहा-बारा जुळवते. उजेड चांगला असला तर पंधरा. डिंकी शाळेतून येते, आकडा बघते. एकदा म्हणाली, "टेबल गेलं, आई. आता कुठे घेणार फोटो?"

"टेबलाचं तू बघ. पट्ट्यांचं मी बघते."

काल एकोणिसावा ताव झाला. लेबलं संपली, पुडे संपले. खुर्ची दिसायला लागली आहे. दारातून आत आलेत, नकाशा ओलांडून झाला, बाईचा गाल झाला. आता फक्त बसायचे राहिलेत.